भाकरीच्या तुकड्यापायी

सोनपेठच्या पुढं गोदावरीच्या काठाला आमचं गाव आहे. गोदावरी हे नाव शाळेच्या पुस्तकातलं. आमच्याकडं तिला सगळे गंगाच म्हणतात. आम्ही भोई. गंगेत जाळं टाकायचं आणि सोनपेठच्या बाजारात मासे विकायचे, हे आमच्या घरात किती पिढ्या चाललंय ते कुणालाच ठाऊक नाही. कॉलेजात गेलेली मात्र मी पहिली. परभणीला राहून प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि गावात येऊन मच्छीमार सोसायटीची सचिव झाले. हे मी मोठेपणा म्हणूनच सांगते. ज्या घरात माझ्या आधी कुणाला धड सही येत नव्हती, त्या घरात पदवीचा कागद भिंतीवर लागला तर का सांगू नये?

तर ह्या पदवीचं आणि माझ्या वडिलांचं, आबांचं, एका गोष्टीवरून जमत नव्हतं. आमच्या गावाशेजारी नदी वळण घेते. त्या वळणात बारा महिने पाणी साचून राहतं. काठाला लिंब आहे म्हणून तो लिंबाचा डोह. कडेला पाणकणीस दाट वाढलेलं, पाणी संथ. मासे अंडी घालायला तिथंच येतात, पिलं तिथंच वाढतात. माझं म्हणणं एवढंच होतं की मृगापासून पोळ्यापर्यंत, म्हणजे पिलांच्या दिवसांत, ह्या एका डोहात कुणी जाळं टाकू नये. पण डोह पहिल्यापासून आमच्या घराकडं, आणि आबांचा सगळा नावलौकिक त्याच डोहातला. आबांनी नाही म्हटलं तर सोसायटीत दुसरं कुणी हो म्हणणार नव्हतं.

"नदीला कुलूप लावती का, बाई?" आबा विचारायचे. "कॉलेजात काय किल्ल्या वाटल्या का तुमाला?"

असं वर्षभर चाललं. मग मला प्रणालीचं बोलावणं आलं. सोसायट्यांच्या एका शिबिरात आम्ही एका खोलीत राहिलो होतो. ती मालवणच्या खालच्या बाजूच्या एका कोळीवस्तीतली. तिच्या गावानं समुद्रातलं एक खडप, म्हणजे पाण्याखालचा खडकाळ भाग, स्वतःहून मासेमारीला बंद केलं होतं. पावसाळ्यात सरकारची बंदी असते ती वेगळी. ही गावानं स्वतःच स्वतःवर घातलेली, आणि तीही बारमाही. ती म्हणाली, "तुझ्या आबांना घेऊनच ये."

समुद्र बघायला चला म्हटलं असतं तर आबा हलले नसते. मी म्हटलं, "तिथले लोक म्हणतेत, नदीतले मासे म्हंजे पोराचा खेळ. खरं का खोटं, तुमीच बघून सांगा."

आबांनी त्याच दिवशी नवं धोतर काढलं.

घाटाखाली

पौषात निघालो. रानात जोंधळा हुरड्यावर आलेला. आईनं ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची पुडी बांधून दिली. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी, बाजरी आणि मसाल्याचं पीठ. आमच्याकडं कालवणाला त्याच्याशिवाय अंग येत नाही. परळीहून कोल्हापूरची गाडी धरली. त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पुढच्या सीटवरचं बाळ रडत होतं आणि आबा त्याला प्रत्येक थांब्यावर वेगळ्या पक्ष्याचा आवाज काढून दाखवत होते.

घाट उतरलो आणि काळी माती संपली. आबा खिडकीतून बघत म्हणाले, "ही माती कुणी भाजली म्हणायची?" लाल माती, लाल भिंती, लाल धूळ. झाडं इतकी की शेत कुठं आणि रान कुठं ते कळेना. आमच्याकडं एका नजरेत तीन गावं दिसतात. इथं शेजारचं घरसुद्धा फणसामागं लपलेलं.

समुद्र दिसला तेव्हा आबा तडक वाळूवर उतरले. चपला काढल्या, धोतर खोचलं, सरळ पाण्यात गेले, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. परत येऊन म्हणाले, "एवढं पाणी, आन ढोराला पाजायच्या कामाचं न्हाई."

प्रणालीचे वडील बाबलकाका वाळूवर उभे होते. ठेंगणे, रुंद, डोक्याला टोपी, आणि बोलणं असं की वाऱ्यावरही ऐकू यावं.

"या पावण्यांनू! गोदावरीवयसून इल्यात म्हणे! चव बघितलात? आमचा पाणी पिऊचा नसता, बघूचा असता."

"आमचं दोन्ही कामाला येतं," आबा म्हणाले.

दोघांचं तिथंच जमलं.

संध्याकाळच्या जेवणाला रतनकाकींनी, म्हणजे प्रणालीच्या आईनं, तांबोशीची आमटी केली होती. तांबोशी हा खडकांत राहणारा तांबूस मासा. गोड, घट्ट, काटा कमी. सोबत भात आणि सोलकढी. मी बोटं चाटली. आबांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि विचारलं, "वैनी, माशात खोबरं घातलंय का खोबऱ्यात मासा घातलाय?"

काकी पदराआड हसल्या. "मगे उद्या तुमीच करा तुमच्या पद्धतीन. बघूया काय घालतास ता."

"येसर आणलाय. उद्या दावतो."

जेवता जेवता माशांच्या गप्पा निघणारच. बाबलकाकांनी वादळातल्या गोष्टी सांगितल्या. आबा मागं कसे राहतील? त्यांनी आपली हुकमी गोष्ट काढली. आमच्या गावात लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक ती त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकतात.

"आमच्याकडं मरळ नावाचा मासा. लय चलाख, जाळ्यात सहजी घावत न्हाई. पण पावसाळ्यात पिलं झाली की कळतं बघा. पिलं असतेत लालभडक, दाट घोळका करून वर येतेत. पाण्यावर जसा लाल गुच्छा फिरायलाय. आन त्या गुच्छ्याच्या खाली मरळ राखणीला. पिलं सोडून हलत न्हाई ती. मंग मी काय करतो, गळाला बेडकी लावतो आन त्या गुच्छ्यावर नाचवतो. मरळीला वाटतं, पिलं खायला आलं कुणी. अशी चवताळून येती! की घावली."

हाताची मूठ वळून आबांनी सगळ्यांकडं बघितलं. आमच्याकडं ह्या जागी टाळी पडते.

रतनकाकी भात वाढता वाढता थांबल्या. "आणि पिल्लां?"

"पिलं कशाला घेऊ, वैनी? बारीक असतेत. सोडून देतो की."

"सोडतास खंय?" काकींनी विचारलं. "आवस तर तुमच्या पिशवीत."

आवस म्हणजे आई. ते सांगायची गरज पडली नाही. आबांची मूठ तशीच वळलेली राहिली.

"अगो, पावण्याक जेवू दी," बाबलकाका म्हणाले आणि घाईघाईनं भलताच विषय काढला. पण आबांनी त्यानंतर भात मागून घेतला नाही. खरं सांगते, मलाही तो घास गिळवला नाही. मी वर्षभर पिलांच्या वाढीवर, जाळ्याच्या आसावर, म्हणजे भोकांच्या मापावर, भाषणं दिली होती. हा एवढा साधा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

अंथरुणावर पडताना आबा एवढंच म्हणाले, "जेवताना माणसाला असं इचारतेत का?"

खडपावर

सकाळी समुद्र तेल ओतल्यासारखा शांत होता. बाबलकाकांच्या लहान होडीत आम्ही चौघं बसलो: काका, प्रणाली, आबा, मी. किनाऱ्यापासून थोडं आत पाण्यावर रिकामे कॅन तरंगत होते, लाल रंगवलेले, गोल मांडलेले. त्यांच्या आत ते खडप. काकांनी मशीन बंद केलं आणि वल्हं घेतलं.

"हंय दोनच नियम," ते म्हणाले. "काय काढूचा नाय, काय टाकूचा नाय."

न काढण्याचं कळलं. न टाकण्याचं कारण प्रणालीनं सांगितलं. पर्यटकांच्या होड्या येतात. लोकांना मासे दिसावेत म्हणून होडीवाले पाण्यात पाव टाकायचे. पाव दिसला की खडकावरचं शेवाळ खाणारे मासे आपलं काम सोडून वर धावतात, एकमेकांना चावे घेतात. त्यांच्यामागं मोठे मासे कपारीतून बाहेर येतात आणि मग ज्याला गळ टाकायचा त्याला सोपं होतं. म्हणून गावानं तेही बंद केलं. कुणी मोडलं तर त्याची होडी वाळूवर ओढून पालथी घालायची. दुसऱ्या दिवशी तिनं समुद्रात जायचं नाही. राखणीला घरटी पाळी असते. त्या दिवशी विनायकची होती. सगळे त्याला विन्या म्हणतात. तो एका डोंगीत बसून कॅनच्या पलीकडून आम्हाला हात करत होता.

काचेचा तळ असलेला एक डबा असतो. तो पाण्यावर धरून आत बघायचं. मी बघितलं आणि पुस्तकातली चित्रं विसरले. खडकाला फाटे, फाट्यांना रंग, पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे खडक कुरतडताहेत, आणि खाली एका कपारीच्या तोंडाशी एक मोठा मासा, गोबरा. अंगावर ठिपके, रुंद जबडा, खालचा ओठ पुढं आलेला, लग्नात मान न मिळालेल्या व्याह्यासारखं तोंड. जागचा हलत नव्हता.

"आबा, बघा," म्हणून मी वर पाहिलं.

आबा उभे होते. हात जोडलेले. आणि दुसऱ्याच क्षणाला त्यांनी शिदोरीतल्या भाकरीचा तुकडा मोडून पाण्यात सोडला.

ह्यात आमच्याकडं काहीच वावगं नाही, उलट न करणं वावगं. नव्या पाण्यावर गेलं की पहिला घास पाण्याचा. माझ्या आज्यानं तेच केलं, आबा तेच करतात, मीसुद्धा करते. घास देणं म्हणजे 'टाकणं' हे त्यांच्या मनातही आलं नसणार. माझ्याही आलं नसतं. पण काकांचा चेहरा मी बघितला आणि डब्यात पुन्हा नजर घातली. पट्ट्यांचे सगळे मासे खडक सोडून वर उसळले होते, ज्वारीच्या कण्यांवर तुटून पडले होते. आणि गोबरा कपारीतून अर्धा बाहेर आला होता.

"काकानूऽऽ!" विन्याची आरोळी आली. "भाकरी!"

मला नंतर कळलं की मागच्या हंगामात विन्याच्या होडीतल्या पर्यटकांनी पाव टाकला होता, आणि त्याची होडी पालथी घालायला लावणारे बाबलकाकाच होते.

पालथी होडी

आम्ही किनाऱ्याला लागेपर्यंत वाळूवर माणसं जमली होती. बायका माशांच्या टोपल्या ठेवून उभ्या. विन्या डोंगी ओढून आमच्या आधी पोचला होता, पण आता तो मागंच थांबला. पायानं वाळू उकरत उभा राहिला.

बोलले बाबलकाकाच. "माझ्या होडीतसून खडपार भाकरी पडली."

"मालक, चूक मपली हाय," आबा पुढं झाले. आवाज चढलेला. "तुमच्या होडीनं काय केलं? सजा द्यायची तर मला द्या."

"तुमका कसली सजा देऊ? तुमची होडी हंय खंय आसा?"

घोळक्यातून एक म्हातारी म्हणाली, "जाऊं दी रे बाबल. देवाक घास दिल्यानी त्येंनी. पाव आणि घास एक काय?"

मग विन्यासुद्धा म्हणाला, "जाऊं दी काकानू. पावणे आसत."

काकांनी त्याच्याकडं बघितलं. "विन्या, तुझ्या होडीतले पण पावणेच होते मरे."

विन्याची मान खाली गेली, पण मला वाटतं तो ओठांत हसला. काकांनी मशीन उतरवलं, जाळी काढली आणि होडीच्या काठाला हात लावला. दोघं-तिघं धावले. आबाही धावले. नवं धोतर, ओल्या वाळूत रुतलेले पाय, आणि खांदा होडीच्या लाकडाला. ती होडी पालथी झाली तेव्हा आबांच्या तोंडून जो आवाज आला, तो ओझ्याचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी समुद्र आदल्या दिवसापेक्षा चांगला होता. वस्तीतल्या सगळ्या होड्या गेल्या. आमच्या यजमानांची तेवढी वाळूवर, पोट वर करून. तिच्या सावलीला बाबलकाका जाळं शिवत बसले आणि आबा न विचारता शेजारी जाऊन बसले. थोड्या वेळानं त्यांनी जाळ्याचं दुसरं टोक ओढून घेतलं आणि तेही शिवू लागले. त्यांची गाठ वेगळी, काकांची वेगळी. काकांनी ती उलटून-पालटून बघितली.

"ही गाठ घट्ट बसता," ते म्हणाले.

"गंगेत लव्हाळे अडकतेत. सैल गाठ टिकत न्हाई."

प्रणाली आणि मी मागं बसून ऐकत होतो. आबांनी विचारलं, "मालक, पैशाचा दंड कामून न्हाई ठेवला?"

"पैसे असतले तो भरतलो आणि परत जातलो. मगे खडप पैशेवाल्याचाच झाला. होडी पालथी दिसली की सगळ्या गावाक दिसता. आणि बसून रवाक लागता. बसलो की माणूस इचार करता."

"चोरून कुणीच धरत न्हाई?"

"धरतत की! बाहेरच्या मोठ्या बोटी येतत, तेंच्याशी आमचा भांडण चालूच आसा. आणि गावातलेपण..." काका थांबले. "माका इचारा. तरणो होतंय तेव्हा गोबरे ह्या खडपार जमत. वर्साच्या ठरावीक दिसांत, चांद बघून. कित्याक जमत ता आमका काय म्हायत! आमका येवढाच म्हायत की जमतत तेव्हा गळ सोडलो की होडी भरता. सगळ्यांत मोठे आमी त्याच दिसांत काढले. मी आणि माझ्या भावान. लय नाव झाला. मगे एका वर्सी गेलंव, तर चांद होतो, खडप होतो. गोबरे नाय."

आबांची सुई थांबली.

इथं मला राहवलं नाही; शिकलेल्या माणसाची खोड. मी सांगितलं की गोबरे जमतात ते अंडी घालायला, आणि गोबरा लहानपणी मादी असतो आणि वाढल्यावर त्यातले काही नर होतात. म्हणून सगळे मोठे काढून नेले की नरच उरत नाहीत; मग जमले तरी उपयोग नाही. प्रणालीनं मान डोलावली. "लहान गोबरो आमी आता सोडून देतो, आणि अगदी मोठोपण," ती म्हणाली. "खडपाच्या बाहेर घावलो तरी."

आबा माझ्याकडं बघत राहिले. "म्हंजे म्हातारपणी बाईचा बाप्या होतो?"

"हो, आबा."

"आमच्या घरी झालंय की. तुझी माय बघ."

काका इतके हसले की सुई बोटात घुसली.

दुपारी विन्या आला. हातात केळीच्या पानात गुंडाळलेले दोन मोठे तांबोशी. रतनकाकी म्हणाल्या, "अरे, आज आमच्या घराक दंड आसा."

"दंड होडीक, काकी. चुलीक नाय." पानं ओट्यावर ठेवून तो आबांकडं वळला. "तुमी कायतरी करून दाखवतलास म्हणे?"

आबांनी येसराची पुडी काढली. त्यांनी केलेलं कालवण काळंभोर, जाडसर, आणि इतकं तिखट की विन्या दोन तांबे पाणी प्यायला आणि डोळे पुसत म्हणाला, "काकानू, ह्येका खडपार टाकला तर सगळे मासे गोव्याक पळतले." रतनकाकींनी मात्र वाटी परत भरून घेतली. "झणझणीत आसा," त्या म्हणाल्या, "पण माशाची चव मसाल्याखाली बुडली नाय." मग जराशा थांबून, दुसरीकडं बघत, "परवा जेवताना मी बोललंय, ता मनात धरू नकात."

आबा वाटीकडं बघत म्हणाले, "तुमी बोललात म्हणून तर गिळंना झालंय, वैनी. धरून ठेवलंय मी ते."

निघताना काकींनी वाळलेली कोकमं दिली, आम्ही उरलेली येसराची पुडी दिली. होडी पुन्हा सुलटी झाली होती. बाबलकाका तिच्यात बसून निघाले आणि लांब जाईपर्यंत टोपी हलवत राहिले.

परत गंगेवर

घाट चढून काळी माती लागेपर्यंत मी वाट बघितली. मग विचारलं, "आबा, डोहाचं काय?"

"गप बस, बाई. इचार करायलोय."

घरी आल्यावर गावभर समुद्राच्या गोष्टी झाल्या. भाकरीची गोष्ट आबांनी कुणाला सांगितली नाही. मीही नाही. मरळीची गोष्टही त्यांनी त्यानंतर सांगितली नाही. आमच्या चुलत घरातल्या लग्नात पोरं मागं लागली, तेव्हा म्हणाले, "विसरलो."

उन्हाळ्यात सोसायटीची बैठक झाली. मी विषय मांडला आणि नेहमीप्रमाणं कुणी तरी म्हणालं, "आन मंग खायचं काय?" ते आमचे रामभाऊकाका, आबांचे धाकटे भाऊ. सगळे आबांकडं बघायला लागले.

आबा म्हणाले, "एक डोह सोडायचा. बाकी सगळी गंगा हाय की तुपली. मृगापासून पोळ्यापर्यंत तिथं जाळं न्हाई, गळ न्हाई."

"आन कुणी टाकलं तर? दंड किती?"

"दंड पैशाचा नको. ज्यानं टाकलं त्याचा तराफा काठावर पालथा घालायचा. दुसऱ्या दिशी त्यानं पाण्यात जायचं न्हाई."

खोलीत हशा पिकला. आमचे तराफे म्हणजे थर्माकोल आणि बांबू. उलटा केला तरी सारखाच दिसतो, असं कुणी तरी ओरडलं. रामभाऊकाका म्हणाले, "मंग दादा, दिवसभर काय करायचं? त्याच्यावर बसून ऱ्हायचं?"

"हां," आबा म्हणाले. "बसूनच ऱ्हायचं."

मंजूर झालं, पण हसत हसत. नियम हसत मंजूर झाला की पाळताना काय होतं ते मला माहीत होतं. मी माझ्या परीनं काठाला लाल रंगाचे कॅन बांधले. दोन कुणी तरी पाणी भरायला घेऊन गेलं. मी पुन्हा बांधले.

आषाढातली गोष्ट. सकाळी आबांची भाकर घेऊन मी काठावर गेले. पाण्याला गढूळ रंग आला होता, पाणकणीस पुरुषभर वाढलं होतं. सगळ्यांचे तराफे नदीत गेलेले. लिंबाखाली एकच तराफा होता, पालथा घातलेला. उलटा केला तर सारखाच दिसतो हे खोटं आहे. खालची ओली, शेवाळलेली बाजू वर आली की लांबूनही कळतं.

तराफा आमचा होता. त्यावर आबा बसले होते, जाळं शिवत.

मला वाटलं, रामभाऊकाकांनी काही तरी खोडी काढली. "आबा, हे कुणी केलं?"

"मी."

"कामून?"

त्यांनी जाळ्यातून मान वर केली नाही. "काल सांजच्याला लाल गुच्छा दिसला. तिथं, पाणकणसापाशी. हाताला सवय हाय, बाई. गळ टाकून बसलो, मंग ध्यानात आलं. मरळ वर आली व्हती. सोडवून परत घातली पाण्यात."

मी डोहाकडं बघितलं, मग आजूबाजूला बघितलं. काठ रिकामा होता. "पण कुणी बघितलं का?"

"मी व्हतो की तिथं."

एवढ्यात रामभाऊकाकांचा तराफा वळणावरून आला. पालथा तराफा बघून त्यांचा बांबू हातातच राहिला. त्यांनी आबांकडं बघितलं. मग तराफा डोहाच्या बाजूनं न आणता पलीकडच्या काठानं, लांबच्या वळशानं, हळूहळू काढून नेला.

आबांनी जाळं बाजूला ठेवलं. तराफ्यावर माझ्यासाठी जागा केली, फडकं सोडलं. पहिला घास मोडून पाण्यात सोडला. काही क्षणांनी पाणकणसाच्या मुळाशी पाणी लालसर हललं.

"बस," ते म्हणाले. "आज मला सुट्टी हाय."